निलगिरीवर निलगिरी नव्हती

मराठी घरात निलगिरी हा शब्द उच्चारला की आधी पर्वत आठवत नाही, सर्दी आठवते. रुमालावर टाकलेले तेलाचे चार थेंब, पातेल्यातल्या पाण्याची वाफ, डोक्यावरून घेतलेला पंचा आणि ‘तोंड उघडून श्वास घे’ असा आईचा हुकूम. त्यानंतर आठवते ते झाड : सरळसोट, उंच, साल सोलून निघाल्यामुळे उघडेबोडके दिसणारे. पर्वताचा क्रमांक तिसरा. युकॅलिप्टस हे नाव जिभेला जड म्हणून आपण बाजूला ठेवले आणि ज्या डोंगरावर ते झाड फोफावले त्या डोंगराचेच नाव त्याला देऊन टाकले. ते इतके पक्के चिकटले की निलगिरीवर निलगिरी नव्हती असे कोणी म्हटले, तर तो कोडे घालतो आहे असेच ऐकणाऱ्याला वाटावे.

पण खरोखरच नव्हती. डोंगराचे नाव फार जुने आहे. बाराव्या शतकात, होयसळ राजांच्या काळात, ते कोरीव लेखात आलेले आहे. झाड मात्र मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे. ते निलगिरीवर आले १८४३ च्या सुमारास. त्याआधी चोवीस वर्षे, म्हणजे १८१९ साली, कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन या डोंगरावर चढला होता, आणि पुढे त्याच्याच खटपटीने उटकमंड वसले. थंड हवेला भाळून साहेब वर आला, आणि वर आल्यावर त्याला थंडी वाजू लागली! शेकोटीला लाकूड हवे, स्वयंपाकाला हवे, फौजेला हवे. जवळपासच्या दऱ्यांतली झाडे भराभर तुटू लागली. तेव्हा झपाट्याने वाढणारे परदेशी झाड लावावे म्हणजे इथले जंगल वाचेल, असा हिशेब झाला. हिशेब वाईट नव्हता. फक्त ती झाडे लावायला जागा कोणती निवडली, तिथे सगळी गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट मला माझ्या मामांमुळे कळली. मामा वनखात्यात होते. नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षे निलगिरीतच गेली. निवृत्त होऊन ते पुण्यात राहायला आले त्याला बराच काळ लोटला. ऐंशीच्या घरात पोचल्यावर त्यांनी एकदा तिकडे जाऊन यायचे ठरवले, आणि मामींचे गुडघे दुखत असल्यामुळे सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. उटीचे तळे, वनस्पतिउद्यान, दात असलेल्या रुळांवरून चढणारी ती इवलीशी रेल्वे हे सगळे त्यांनी मला कर्तव्यबुद्धीने दाखवले. मग म्हणाले, “आता खरी निलगिरी बघायला चल.”

गाव मागे टाकून आम्ही पश्चिमेकडच्या उंच माळावर गेलो. समोर नुसते गवत. एकामागून एक गोल गोल टेकड्या, आणि त्यांवर वाऱ्याने सारखी हलणारी पिवळसर हिरवी लव. झाडे होती, पण ती कुठे? दोन टेकड्या जिथे मिळतात त्या घळीत, ओढ्याच्या कडेने, एकमेकांना बिलगून उभी. बुटकी, गर्द, शेवाळाने लपेटलेली. थंडीत अंगाला घट्ट ओढून घेतलेल्या शालीसारखी ती राई घळीतून बाहेर पडायला तयार नव्हती. जिथे राई संपते तिथे एकदम गवतच सुरू होते. मधे संक्रमण असे फारसे नाहीच. या रायांना शोला म्हणतात. तमिळमधल्या ‘चोलै’वरून, म्हणजे वनराई. अधूनमधून गवतात एखादे तांबड्या फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉनचे झाड एकटेच उभे असते. त्याचे सगळे भाऊबंद हिमालयात, आणि हे इकडे दक्षिणेत, दीड-दोन हजार किलोमीटरांवर!

“अशा माळावर तुला काय कमी वाटतं?” मामांनी विचारले.

मी काही बोलण्याआधीच त्यांनी उत्तर देऊन टाकले. “झाडं. सगळ्यांना तेच वाटतं. साहेबालाही तेच वाटलं होतं.”

साहेबाच्या महसुली कागदावर जमिनीची विभागणी सोपी होती. जिच्यातून सारा येतो ती जमीन, आणि जिच्यातून येत नाही ती पडीक. या गवतावर तोडा लोकांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. त्या म्हशींच्या दुधाभोवती तोडांचा सगळा धर्म उभा आहे. त्यांचे देऊळ म्हणजे दूधघरच, आणि पुजारी तोच गवळी. देवळाचे ते अर्ध्या पिंपासारखे गोलसर छप्पर पाणथळीतल्या गवतानेच शाकारलेले असते. पण यातले काहीच साऱ्याच्या रकान्यात बसत नव्हते. म्हणून शोला तोडून झाडे लावण्यापेक्षा, किंवा आहे त्या शोलाला जपत बसण्यापेक्षा, या ‘मोकळ्या’ गवतावर झाडे लावणे हे सोपे आणि पुण्याचे काम ठरले. स्वातंत्र्यानंतर आपण ते आणखी जोराने पुढे नेले. कातडी कमावायला लागणारे टॅनिन वॉटल नावाच्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या सालीत मिळते. रेयॉनच्या कारखान्यांना लाकडाचा लगदा हवा होता. पंचवार्षिक योजनांच्या काळात डोंगरच्या डोंगर वॉटल, निलगिरी आणि पाइनने झाकले गेले. सत्तरीच्या दशकात तरुण मामा हातात नकाशा घेऊन हेच करीत हिंडत होते. “आम्हांला मोकळी जागा दाखवली, आम्ही ती भरली,” ते म्हणाले. “आणि मन लावून भरली, बरं का!”

आता गंमत अशी की, हे गवत इथे का आहे असा प्रश्न त्याही पूर्वी विचारला गेला होता. १९३८ साली ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात दोन वनाधिकाऱ्यांची मते एकमेकांसमोर उभी राहिली. रंगनाथन यांचे म्हणणे असे की, गवत हीच या माथ्याची नैसर्गिक अवस्था आहे. हिवाळ्याच्या रात्री इथे दंव गोठते, आणि उघड्यावर उगवलेले शोलाचे कोवळे रोप त्यात जळून जाते; घळीच्या आडोशाला असलेले तेवढे तगते. बोर यांचे म्हणणे याच्या उलट. त्यांच्या मते एके काळी सगळा डोंगर जंगलाने भरलेला होता. माणसाने वणवे लावून आणि गुरे चारून त्याचे गवत करून टाकले. हा वाद नुसता पंडिती नव्हता. रंगनाथन खरे असतील, तर गवतावर झाडे लावणे म्हणजे एका घरात दुसऱ्याचेच बिऱ्हाड घुसवणे. बोर खरे असतील, तर ते उजाडलेले घर पुन्हा वसवणे. सगळे कामकाज या एका उत्तरावर अवलंबून होते, आणि उत्तर तर शेकडो-हजारो वर्षांमागे दडलेले. त्याला साक्षीदार कुठून आणावा?

साक्षीदार डोंगरावरच होता, आणि चिखलात रुतून बसला होता. निलगिरीच्या माथ्यावर जागोजागी पाणथळी आहेत. तिथे वर्षानुवर्षे गवत आणि पाने पाण्यात पडतात. गारठ्यामुळे आणि हवा न लागल्यामुळे ती धड कुजत नाहीत. थरावर थर साचत त्याचे काळे, मऊ पीट बनते. आपल्या घरी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी साठते तसेच हे : सर्वांत खाली सर्वांत जुना अंक. या थरांत त्या त्या काळी वाऱ्यावर उडालेले फुलांचे परागकण अडकून राहतात. परागकणाचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षे ते टिकते, आणि प्रत्येक कुळाची घडण वेगळी. सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञ माणूस सांगू शकतो की हा कण गवताचा, हा झाडाचा. १९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट याने परागकण मोजून जंगलाचा इतिहास वाचण्याची ही रीत विद्वानांपुढे मांडली. आपल्याकडे वनस्पतींच्या अवशेषांच्या अभ्यासाला घर मिळवून दिले ते बिरबल साहनींनी. लखनौच्या त्यांच्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १९४९ च्या एप्रिलमध्ये बसवली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. पण त्यांचे काम पुढच्यांनी चालू ठेवले, आणि निलगिरीच्या पीटमधले परागकण त्यांत आले.

परागाखेरीज आणखी एक खूण त्या चिखलात असते. हवेतल्या कार्बनमध्ये बहुतेक हलका आणि थोडासा जड असा भेद असतो. झाडे आपले अन्न बनवताना जड कार्बन बराचसा नाकारतात; उष्ण प्रदेशातली गवते त्या मानाने अधिक घेतात. झाड मरो, गवत मरो, त्यांच्या कुजक्या अवशेषांत हे प्रमाण जसेच्या तसे राहते. तेव्हा कुठल्याही थरातला चिमूटभर चिखल घेतला तर त्या काळी आजूबाजूला झाडांचे राज्य होते की गवताचे हे कळते. आणि तो थर किती जुना हे किरणोत्सर्गी कार्बनवरून कळते. १९९३ साली बंगळूरचे रामन सुकुमार, अहमदाबादचे रमेश आणि त्यांचे सहकारी यांनी निलगिरीच्या पीटचा असा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. १९९७ मध्ये ही वाचलेली बखर थेट चाळीस हजार वर्षे मागे गेली.

बखर काय सांगते? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जगावर हिमयुगाचा कडाका होता तेव्हा, मोसमी पाऊस दुबळा होता आणि इथे गवताचे राज्य होते. पुढे अकरा हजार वर्षांच्या आसपास पाऊस वाढला आणि झाडांनी हातपाय पसरले. नंतर पुन्हा कोरडा काळ आला, पुन्हा गवत वरचढ झाले. म्हणजे या माथ्यावर गवत आणि राई यांचा लपंडाव माणसाने म्हशी वर आणण्याच्या कितीतरी आधीपासून चाललेला आहे. गवत हा इथला पाहुणा नाही; तो मूळचा रहिवासी आहे. मात्र बोर यांनाही अगदी निकालात काढता येत नाही. डोंगरावरच्या निरनिराळ्या ठिकाणची माती तपासली तेव्हा सगळीकडे एकच कथा निघाली नाही. काही उतारांवर गवत अतिप्राचीन, तर काही ठिकाणी पूर्वी झाडे होती आणि गवत मागून आले. जुन्या बखरी अशाच असतात. कोणाही एका पक्षाची सोय पाहत नाहीत.

मामांना हे सगळे ठाऊक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक एक निबंध मिळवून वाचला होता. परतीच्या वाटेवर एका उतारावर वॉटलची तोड चालली होती. यांत्रिक करवतीचा आवाज दरीभर घुमत होता. मामा गाडीतून उतरले आणि कितीतरी वेळ पाहत उभे राहिले. तो उतार त्यांनीच लावलेला होता, की तसलाच दुसरा, हे मी विचारले नाही. आपण लावलेली झाडे आपल्या हयातीत, आणि तीही सरकारी हुकुमानेच, तोडलेली पाहणे हे सोपे नसावे. मुलगा वाईट निघाला म्हणून बापाने त्याला वाढवल्याची वर्षे काही पुसली जात नाहीत.

“वाईट वाटतं का, मामा?” न राहवून मी विचारले.

“वाटतं थोडं. पण तेव्हा माझ्या हातात दहा वर्षांची योजना होती, त्यावरून मी काम केलं. आता यांच्या हातात चाळीस हजार वर्षांची वही आहे. त्यांनी दहा वर्षांच्याच हिशेबानं काम केलं असतं, तर जास्त वाईट वाटलं असतं.”

गवत राहिले काय आणि गेले काय, शहरातल्या माणसाचे त्यात काय अडते, असे कोणी विचारील. अडते ते पाण्याचे. उटीजवळ ग्लेनमॉर्गन येथे मृद् व जलसंधारणाच्या संशोधन केंद्राने शेजारशेजारची दोन लहान पाणलोट क्षेत्रे घेतली. एक गवताचे तसेच ठेवले. दुसऱ्याच्या निम्म्याहून अधिक भागावर १९७२ साली निलगिरीची झाडे लावली. पहिल्या दहा वर्षांत झाडांच्या बाजूने येणारे पाणी १६ टक्क्यांनी घटले. ती झाडे तोडल्यावर जुन्याच बुंध्यांतून पुन्हा वाढू दिली, तेव्हा दुसऱ्या फेरीत घट गेली २५ टक्क्यांवर. उंच, खोल मुळांचे झाड पाणी पिते. आखूड गवत पावसाचे पाणी जमिनीत मुरू देते आणि मग ते सावकाश ओढ्याला सोडते. या डोंगरांच्या ओढ्यांवर धरणे आहेत, विजेची केंद्रे आहेत, आणि खाली मैदानात शेते आहेत. माथ्यावर गवत आहे की वॉटल, याचा जाब अखेर खालच्या नळाला द्यावा लागतो. शिवाय निलगिरी ताहर हा कड्यांवर राहणारा रानबोकड, तमिळनाडूचा राज्यप्राणी, त्याचे चरणे याच गवतावर. आणि हे केवळ एका डोंगराचे दुखणे नाही. कोडाईकनालच्या पळणी डोंगरांवर १९७३ ते २०१४ या काळात दोन-तृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाला, असे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजले गेले आहे. त्याची जागा लागवडीने आणि शेतीने घेतली.

मग सगळे वॉटल एका दमात तोडून टाकावे की नाही? मामा म्हणाले, नाही. वॉटलचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते; तोड झाली, आग लागली की हजारो रोपे एकदम वर येतात. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाते, आणि त्या जागी स्कॉच ब्रूमसारखी दुसरी परदेशी झुडपे शिरतात. काही जुन्या लागवडींखाली, सावलीत, शोलाची रोपे आपली आपण उगवलेली आढळतात. तिथे करवत नेली तर येऊ घातलेली राईच मारली जाईल. तमिळनाडू सरकारने २०२२ साली असल्या उपऱ्या झाडांबाबत धोरण जाहीर केले, ते चांगलेच झाले. पण धोरण कागदावर एका रात्रीत उतरते, डोंगरावर उतरायला पिढी लागते. थोडा भाग तोडायचा, तिथे मूळचे गवत लावायचे, उगवणारी वॉटलची रोपे चारपाच वर्षे सतत उपटायची, मगच पुढच्या तुकड्याकडे वळायचे.

मला त्यात आणखी एक अडचण दिसत होती. इतिहासाप्रमाणे डोंगर ठेवायचा तर कोणत्या सालचा? सलिव्हन येण्याच्या आदल्या दिवसाचा? की हिमयुगातला? मामांनी याचे उत्तर फार साधे दिले. “वैद्य पूर्वीचं सगळं विचारतो, ते पेशंटला पुन्हा बाळ करण्यासाठी नाही. याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे कळावं म्हणून.” पीटची बखर सांगते की राई आणि गवत ही जोडी उन्हापावसाप्रमाणे पुढेमागे सरकते. आता हवा तापते आहे. गोठवणाऱ्या रात्री कमी झाल्या तर शोलाची रोपे घळीबाहेर पाऊल टाकतील. टाकू द्यावे. ते सरकणे या डोंगराच्या अंगवळणी पडलेले आहे. ज्याची एकही खूण चाळीस हजार वर्षांच्या वहीत नाही असे झाड तिथे भरणे ही गोष्ट निराळी.

हा धडा निलगिरीपुरताच असता तर मी दिवाळीच्या फराळाच्या वेळी आपल्याला त्यात गुंतवले नसते. तोच सह्याद्री उत्तरेकडे आपल्या दारापर्यंत येतो. साताऱ्याचे कासचे पठार एरवी पाहणाऱ्याला नुसता कातळ. कातळावर मूठभर माती. पण भाद्रपदात तिथे फुलांचे जे गालिचे उलगडतात त्यांच्यासाठी २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या कातळाला कोणी ‘उजाड’ म्हणून खड्डे खणून झाडे लावली असती तर? पुण्याच्या टेकड्यांवर तर हे झालेच आहे. गवताळ उतारांवर मेक्सिकोकडून आलेल्या गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या आहेत, आणि आपण त्यांना जंगल म्हणतो. आपल्या पूर्वजांकडे यासाठी किती शब्द होते पाहा : कुरण, गायरान, माळ, सडा, राई, देवराई. प्रत्येक शब्दाला त्याची जागा होती. देवराईत कुऱ्हाड चालत नसे, आणि गायरान कोणी नांगरत नसे. आपण सगळ्यांवर एकच शब्द ओढला, ‘वृक्षारोपण’, आणि जुलै महिना आला की फावडे घेऊन निघालो.

आमच्या सोसायटीतही दर पावसाळ्यात हा सोहळा असतो. गेल्या वर्षी मंडळी मामांकडे उद्घाटनाला बोलावण्यासाठी आली. मामा गेले, पण आधी त्यांनी तीन प्रश्न विचारले. ही जागा पूर्वी काय होती? तिथे आपणहून काय उगवते? आणि झाड लावून जगले तर खाली पाणी कोणाचे कमी होईल? मंडळी जराशी वरमली. शेवटी टेकडीचा बेत रद्द होऊन रस्त्याच्या कडेला सावलीसाठी कडुनिंब आणि करंज लावायचे ठरले. तिथे ते हवेच होते. झाडाशी मामांचे काही वैर नाही. त्यांचे सगळे आयुष्य झाडांत गेले.

निलगिरीच्या गवतात कुरिंजी नावाचे झुडूप असते. बारा वर्षे ते नुसत्या पानांवर राहते, मग एका वर्षी सगळा डोंगर निळा करून टाकते आणि बी टाकून मरते. डोंगराला ‘निळा’ हे नाव त्यामुळेच पडले असे पुष्कळांचे म्हणणे आहे. २००६ साली ते फुलले, २०१८ साली फुलले. आता पाळी २०३० ची. मामांनी ते वर्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आहे. मामी म्हणतात, गुडघ्यांचे काही का होईना, त्या वेळी सोबतीला मीच जाणार.